दुपारचे खाद्य

दि. २३ एप्रिल

माझे नाव सोपान बन्सी मुंजाळ, वय ५४ वर्षे, धंदा शेती व पोल्ट्री, रा. कवठे येमाई, ता. शिरूर, जि. पुणे. पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगतो की,

माझी मुलगी सायली, वय २२, कारेगावच्या एका कंपनीत तपासणीच्या कामाला आहे. वर्षभरापासून तिने अंडेही सोडले आहे. नाव लपवून बोलता येते अशा एका मोबाईल ॲपवर ती लोकांशी वाद घालायची. एक वाद मांस खावे की नाही याचा, दुसरा त्या ॲपवरच भरवसा ठेवावा की नाही याचा. "आपण कोण ते चालवणाऱ्यालासुद्धा कळत न्हाई, आप्पा," असे ती मला म्हणाली होती. मी एकदा तिला खाल्ल्या घरचे वासे मोजू नको म्हणालो होतो. ते बोलायला नको होते.

दि. १९ रोजी रविवारी मी व पत्नी सुवर्णा वरवंडला मेहुण्याच्या दहाव्याला गेलो. शेड मी सांभाळते असे सायलीने सांगितले. शेडमध्ये छत्तीस दिवसांचे तीन हजार पक्षी होते. उन्हाळ्यात आम्ही सकाळी दहापासून चारपर्यंत खाद्याची भांडी दोरीने वर ओढून ठेवतो. भर उन्हात खाल्ले की पक्षी धापा टाकून मरतो. आमच्या घरात वाढलेल्याला हे माहीत असणारच, असे मी धरून चाललो.

दुपारी पक्षी भुकेने ओरडत होते म्हणून तिने भांडी खाली सोडली. आम्ही साडेपाचला परत आलो तेव्हा १,१४० पक्षी मेलेले होते. ती शेडच्या दारात बसून होती. मी तिच्या बाजूने आत जाऊन भांडी वर ओढली.

त्याच संध्याकाळी तिने ॲपवर मेलेल्या पक्ष्यांचा फोटो टाकून 'हे माझ्या हातून झालं' असे लिहिले. फोटोत मागे शेडमधला पक्ष्यांच्या लसीकरणाचा फळा आला. त्यावर माझे नाव व मोबाईल नंबर होता. सोमवारी सकाळपासून मला फोन सुरू झाले. काही जण खुनी म्हणत, काही जण नुसते हसत. दुपारी असा एक फोन त्या दिवशी कामावर न गेलेल्या सायलीने उचलला. फोन ठेवून तिने जेवणाची भांडी घासून ठेवली.

मंगळवारी सकाळी सहाला ती कंपनीच्या बसला म्हणून गेली, ती कंपनीत पोहोचली नाही. तिचा नंबर बंद लागतो.

काल दुपारी, ज्या नावाने तिने फोटो टाकला होता त्याच नावाने ॲपवर 'पाखरांना पाणी पाजलं का?' एवढेच आले. शेजारी पप्पू याने ते मला दाखवले व ॲपवर माझे खाते काढून दिले. मी 'पाजलं' लिहिले. त्यावर 'कशावरून तुम्ही आप्पा?' असे आले. माझे नाव व नंबर आता सगळ्यांकडेच आहेत, ते लिहून तिची खात्री पटली नसती. मी लिहिले, "दुपारचं खाद्य द्यायचं नसतं हे मी तुला सांगितलंच न्हाई. घरी ये." वाचल्याची खूण आली. उत्तर आलेले नाही.

माझी फोन करणाऱ्यांबद्दल तक्रार नाही. मुलगी शोधून द्यावी.

वरील मजकूर मला वाचून दाखवला. त्यासोबतच्या पोलिसांच्या सारांशात 'मुलीच्या चुकीमुळे पक्षी मेले' असे लिहिले गेले होते. ते माझ्या सांगण्यावरून खोडून 'वडिलांनी न सांगितल्यामुळे' असे केले आहे. आता तो बरोबर आहे.