न्यायला आलेलं जहाज

केंब्रिजच्या म्युझियममध्ये कॉफीच्या रांगेत माझ्यापुढे मायलेक उभे होते. भिंतीवर जहाज बुडून बेटावर अडकलेल्या माणसांचं दोनशे वर्षांपूर्वीचं छापील चित्र होतं.

“सुश्रुत, जहाज बुडालं तरी ह्याच्या डोक्यावर हॅट कशी रे?”

“इंग्लिश माणूस आहे, आई. खाली लिहिलंय, सगळे बचावून बेटावर पोचले.”

“आणि लगेच तंबू ठोकून चहा टाकला! बाई तर शिडाच्या दोरीवर कपडे वाळत घालतेय. मग न्यायला जहाज आलं का?”

“वर्षभराने आलं. पण काहीजण म्हणाले, आम्ही जरा थांबतो.”

“दोनच वर्षं, असं म्हणाले असतील. तूही पुण्याहून निघताना तेच म्हणाला होतास, आठ वर्षांपूर्वी.”

“आई, रांग पुढे सरकली.”

“सरकू दे. आणि घाबरू नकोस रे, मी न्यायला नाही आले.”