आपोंडीच्या कानापायी विकलेली होडी

नाही भाऊजी, विकली ती विकली — पाच म्हातारे गोळा करून बसवलेत म्हणून ती परत किनाऱ्याला लागणार आहे का? बसा, जेवा, मासा ताजा आहे. पण होडीचं उत्तर मी एकदाच देणार. तुमचा भाऊ गेला तेव्हापासून ती होडी भाड्याने देऊन मी घर चालवलं, पोरीला शाळेत घातलं — तेव्हा नाही कुणी विचारायला आलं, वहिनी, कसं चाललंय. आता बरी आठवली सगळ्यांना, भावाची होडी.

डॉक्टरांनी लुबाडलं म्हणता? हो, सगळ्या किनाऱ्यावर तेच चाललंय — एका कानाला एवढे शिलिंग, आणि तोही पोरीचा, दुसरा कान होता की. अहो, किसुमूच्या डॉक्टरीणबाईने तपासायचे घेतले ते तुमच्या एका संध्याकाळच्या बिअरएवढे. होडी खाल्ली ती वाट बघण्यानं. कान वाहायला लागला तेव्हा आपोंडी एवढीशी होती. दुकानातले थेंब घातले, सासूबाईंनी कोमट तेल घातलं — त्यांना नाही बोलत मी, सगळ्याच घालतात — पण वास जाईना, शाळेत तिच्या बाकावर कुणी बसेना. आपल्या दवाखान्यात म्हणाले, कानाचा डॉक्टर इथे नाही, किसुमूला मोठ्या सरकारी दवाखान्यात जा. गेले. तिथे तो फक्त गुरुवारी बसतो, आणि पहाटेपासून अर्धा जिल्हा रांगेत. नंबर लागायच्या आत खिडकी बंद. पुन्हा गेले, तर डॉक्टर नोकरी सोडून परदेशी गेलेला. मग एका सकाळी पोर चहा प्यायला बसली, तर चहा ओठाच्या कडेने गळायला लागला. डोळा मिटेना. अर्धं तोंड झोपल्यासारखं. तुम्ही इथेच होतात की — करणी आहे म्हणालात, बकरा मागितलात.

मी बकरा नाही दिला, बस पकडली. किसुमूला नवी डॉक्टरीण आलेली, तरुण होती. म्हणाली, "आई, ही घाण हाड खात खात आत चाललीय. पुढे मेंदू आहे." म्हटलं, मग काढा. तर म्हणते, "मी काढीन, पण कानाच्या आत बघायची आमची दुर्बीण बंद पडलीय. त्या दुर्बिणीशिवाय मी हिच्या कानात हत्यार घालणार नाही. दुर्बिणीचा सुटा भाग बाहेरदेशातून यायचाय." कधी येईल? — तर तिने नैरोबीच्या एका दवाखान्याचा पत्ता लिहून दिला. डॉक्टरने दुसरीकडचा पत्ता दिला की काय समजायचं, ते आईला कळतं. मग नैरोबी, खासगी दवाखाना. डोक्याचा फोटो एकीकडे, खाट दुसरीकडे, भूल देणाऱ्याचे वेगळे, आणि मी आणि पोर भाड्याच्या खोलीत. होडी मी तिथूनच फोनवर विकली. नडलेल्या बाईला जो भाव मिळतो, तो मिळाला.

काय? पोरीला ऐकू येतं ना, मग फिटलं सगळं, असं? हो, येतं — म्हणजे, किनाऱ्यावर मी तसंच सांगितलंय. नाही येत, भाऊजी. त्या कानाने काही म्हणजे काही नाही येत. आतली बारीक हाडं आधीच गेली होती. कापायच्या आधीच सांगितलं होतं त्यांनी मला — ऐकू येणं परत मिळायचं नाही, पण पोर जगेल. हे ऐकून मग मी फोन लावला. आधी नाही, हे ऐकल्यावर. जा, सांगा तुमच्या म्हाताऱ्यांना, एका बहिऱ्या कानासाठी वहिनीने भावाची होडी घालवली. कान नव्हताच हो विकत मिळत. मी पोर घेतली. उद्या दुसरी होडी असती तर तीही विकली असती, आणि तेव्हाही कुणाला विचारलं नसतं.

ती बघा, पाणी घेऊन येतेय. तोंड जवळजवळ सरळ झालंय, हसली की थोडं कळतं. तिच्यापुढे होडीचं नाव काढायचं नाही. — नाही, मी सांगते म्हणून नाही. तिला वाटतं, होडी वादळात गेली.

उठा आता. अंधार पडायच्या आत घरी पोचाल.