कॉम्प्युटरले जोहार

…अन् वरून मॅडम मलेच म्हणते, "मावशी, हे काय लिहिलं तुम्ही?" आता मी काय शिव्या लिहिल्या होत्या? जोहार लिहिला होता, जोहार! सांगा बरं, माझं काय चुकलं?

तुमाले सांगतो, मोहाच्या जंगलावर गावाचा हक्क पाहिजे, त्याचा दावा सोमवारी द्यायचा. ग्रामसभेचा सचिव प्रफुल म्हणे, "सुकरीकाकू, वाडवडलापासून मोह येचतो म्हणून चालत नाई, जुनं लेखी पाहिजे. दहावी पास बाई तुम्हीच. जा गडचिरोलीले, विद्यापीठाच्या लायब्ररीत." मी अशी फुगली! अंगणात सासू, बुधरीबाई, मोह वाळवत होती. म्हणे, "कोणतं झाड कोणाच्या आज्यानं राखलं, मी सांगतो ना." मी म्हटलं, "आत्याबाई, तुमचं सारं ऐकीव. मले अभ्यास करायचा हाय." अभ्यास! भूगोलात काठावर सुटलेली बाई मी!

लायब्ररीच्या दारात चपला काढल्या. आत पाहतो तं सारे बूट घालून! तिथल्या उर्वशी मॅडमनं कॉम्प्युटरपुढं बसवलं, "इथे लिहा, काय शोधायचं ते." मी लिहिलं, "जोहार. मी सुकरी. आमच्याकडे सारे बरे आहेत, तुमची तब्येत कशी आहे? कारण की, आमच्या गावच्या मोहाबद्दल…" एवढासा चौकोन, अक्षरं पळून चालली! उत्तर आलं, 'एकही नोंद नाही.' मले वाटलं, रागावला.

"मावशी, त्याला तब्येत नका विचारू. दोनच शब्द टाका, गावाचं नाव आणि मोह."

आता आमच्याकडे कोणाच्या दारी जाऊन पहिलेच काम सांगतेत का? आधी पाणी, मंग तब्येत, मंग काम! सांगा, माझं काय चुकलं?

पण दोन शब्द टाकले अन् निघाला ना एक प्रबंध! तीस वर्षं जुना, मी सून म्हणून यायच्या आधीचा. आमचंच गाव, झाडागणिक घराचं नाव! मी उड्याच मारणार, तं मॅडम म्हणे, "थांबा, छापलं म्हणजे खरंच असतं असं नाही. कोणी लिहिलं, कधी लिहिलं, कोणाला विचारून लिहिलं? मूळ स्रोत गाठा." वहीत लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या. मंग पानाच्या तळाशी बारीक अक्षरात वाचलं… 'माहिती सांगणार: बुधरीबाई, वय चाळीस.'

"अवो माय!" मी अशी वरडली की सारी लायब्ररी वळली.

मॅडम खूश! "घरातच आहेत? मग या पानाची झेरॉक्स जोडा, त्यांचं बयाण लिहून घ्या, अंगठा घ्या. दावा पक्का!"

घरी येऊन वही उघडून समोर बसली. "आत्याबाई, कोणतं झाड कोणाचं वो?"

"माह्यं तं ऐकीव हाय," म्हणे. "तू अभ्यास कर."

आज रविवार. उद्या दावा. मूळ स्रोत भिताडाकडे तोंड करून बसला हाय. पाणी देल्लं, तब्येत इचारली, जोहार घातला, नुसते दोन शब्दही टाकून पाह्यले…

एकही नोंद नाही!