वाट्यांमधलं ब्रेक ऑइल

...आणि वर मलाच म्हणतो, "सर, तुमी जरा तिकडं बाकावर बसा!" मला! नीरा खोऱ्यातल्या मातीत ओलावा किती मुरतो यावर चारशे बारा पानांची पीएचडी केली आहे मी, तुम्हाला सांगतो, आणि कापूरहोळच्या गॅरेजात धनाजी मिस्त्री मला बाकावर बसवतो... म्हणजे त्याचं चुकलं असं मी म्हणत नाही. बरोबर होतं असंही नाही म्हणत. शंका येते हो! शिकलेल्या माणसाला शंका येते, त्याला मी काय करू?

झालं काय, आमची नात वैष्णवी जनावरांची डॉक्टर. नोकरी वेल्ह्याला. रोज कामथडीहून आपली छोटी गाडी काढते, आणि वरच्या वाड्यांवर कुणाची म्हैस अडली, कुणाची मेंढी फुगली, की घाट चढते नि घाट उतरते. बरं, एवढं केल्यावर माणसानं रविवारी घरी बसावं की नाही? नाव नको! सारोळ्याचा पूल ओलांडला की माळावर कुणा हौशी माणसानं गाड्या पळवायचा ट्रॅक केलाय, तिथं ही महिन्यातून एकदा घड्याळ लावून गाडी पळवते. तीच गाडी! जिच्या डिकीत सोमवारी म्हशीची इंजेक्शनं असतात, तीच!

मागच्या महिन्यात तिसऱ्या फेरीला पेडल गेलं खाली. पाय दाबतेय, दाबतेय, आणि ब्रेकच नाही! शिरली सरळ वाळूच्या ढिगात. आणि घरी येऊन हसत हसत सांगतेय, "आबा, ब्रेक ऑइल उकळलं." मी म्हटलं, हसतेस काय? उकळलं म्हणजे झाली वाफ, आणि वाफ दाबली की नुसती दबते, चाकाला जोर पोचणार कुठनं? हेच घाटात झालं असतं तर? तिथं वाळूचा ढीग कोण घालून ठेवणार आहे तुझ्यासाठी? तर म्हणाली, "मग तुम्हीच निवडा ना. घाटालाही चालेल, ट्रॅकलाही चालेल असं. तुम्ही निवडलंत की मी डोळे मिटून भरणार." डोळे मिटून! अहो, साठ वर्षं झाली, साधी चप्पल घेतली तरी दुकानातनं बाहेर पडल्यावर मी पुन्हा आत जातो, आणि ही डोळे मिटून!

गेलो धनाजीकडे. "डॉट फोर टाका सर, समद्या गाड्यांत जातं तेच ऑइल, विषय संपला." संपला? विषय तर तिथनं सुरू होतो! म्हटलं, धनाजी, मुळात हे ऑइल नव्हेच, हे ग्लायकॉल ईथर आहे. तर पाना पुसत म्हणतो, "असंल की सर. त्याचं नाव लई शिकल्यालं असू द्या, गाडी थांबली म्हंजे झालं."

घरी आलो, वाचायला बसलो. तुम्हाला सांगतो, प्रत्येक बाटलीमागे दोन आकडे असतात. नवंकोरं असताना किती अंशांना उकळतं तो एक, आणि पाणी प्यायल्यावर किती अंशांना तो दुसरा. कारण हा द्रव हवेतलं पाणी पितो! नुसता बसल्या जागी पितो! एक बाटली म्हणते दोनशे साठ, दुसरी म्हणते तीनशे दहा, तिसरी तर तीनशे पंचवीस! मी म्हटलं, ठरलं, तीनशे पंचवीस. आणि भाकरीचा पहिला घास घेतला नि शंका आली. ट्रॅक महिन्यातला एक दिवस. वेल्हे बाकीचे एकोणतीस. आणि वेल्ह्याची हवा? तिथं आषाढात वाळत घातलेला टॉवेल चार दिवसांनी काढला तर आणखी जड लागतो! अशा हवेत हे तीनशे पंचवीसवालं किती दिवस तीनशे पंचवीसचं राहणार? शिकलेल्या माणसाला शंका येते, त्याला मी काय करू?

मागवल्या तिन्ही बाटल्या. ओलावा मोजायचं पेनही मागवलं. ते बुडवलं की दिवे लागतात. हिरवा, पिवळा, लाल. तीन वाट्यांत तीन ऑइलं ओतली, मांडली स्वयंपाकघराच्या खिडकीत, आणि बघत बसलो कोण किती पितं ते. आमच्या सौभाग्यवती सुलक्षणाबाई आल्या. "अहो! माझ्या चटणीच्या वाट्या!" म्हटलं, हात लावू नकोस, विषारी आहे. "मग माझ्या वाट्यांत कशाला ओतलंत?" ...म्हणजे प्रश्न वाजवी होता, मी नाही म्हणत नाही.

पण प्रयोग काय देखणा झाला! तीनशे पंचवीसवाल्यानं सगळ्यात आधी लाल दिवा लावला. हा म्हणजे मिरवायला पुढे आणि पाणी प्यायलाही पुढे! आणि दोनशे साठवालं सगळ्यात बेतानं पीत होतं. बरं, एकदा केला तर तो प्रयोग म्हणायचा का? दुसऱ्यांदा केला. तिसऱ्यांदा केला. तिन्ही वेळा तेच! सत्तर वर्षांत पहिल्यांदा मला एखाद्या गोष्टीची खात्री वाटली हो! अंगात नुसतं वारं शिरलं. वैष्णवीला फोन लावला, म्हटलं, बाळ, दोनशे साठ! आजोबाचा शब्द! ती म्हणाली, "भारी! उद्या ते धनाजीकाकांकडे घेऊन जा, परवा ट्रॅक आहे."

मी खिडकीत पाहिलं. तिन्ही बाटल्या रिकाम्या. प्रयोग यशस्वी, ऑइल खलास!

शनिवारी सकाळी धनाजीच्या पाया पडायचाच बाकी राहिलो. त्यानं पुण्याला फोन करून एका टेम्पोवाल्याबरोबर दोन बाटल्या मागवल्या. "एकच पुरती सर, पन तुमी हाय म्हनून दोन." मला हा सन्मान वाटला, तुम्हाला सांगतो.

आता जुनं ऑइल काढून नवं भरायचं तर दोन माणसं लागतात. एकानं चाकापाशी बसून बारीक नळीचा स्क्रू सैल करायचा, दुसऱ्यानं आत पेडल दाबून धरायचं. धनाजी चाकाशी, मी पेडलवर. "दाबा सर!" दाबलं. "आता धरून ठिवा. म्या सांगंस्तवर पाय काढायचा न्हाई, न्हाईतर हवा आत जाती!" धरलं. एक मिनिट झालं असेल. नसेलही. शंका आली, यानं सांगितलं आणि मला ऐकू आलं नाही असं तर नाही? म्हणून विचारायला दारातनं वाकलो. आता तुम्हीच वाकून बघा, वाकलं की पाय उचलतो, शरीराची रचनाच तशी आहे! "आली हवा!" पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा वाकलो. "आली हवा सर!" चार वेळा! अख्खी बाटली जमिनीवर. तेव्हा म्हणाला ते, बाकावर बसा. आणि माझ्या जागी बसवलं कुणाला? सुलक्षणाबाईंना! नुसत्या सोबत आलेल्या! त्यांनी पाय ठेवला, सांगितल्यावर काढला, मधल्या वेळात बहिणीला फोनवर वांग्याच्या भरताची कृती सांगितली. वीस मिनिटांत चारही चाकं! कसं जमतं? एवढी खात्री या लोकांना मिळते कुठं?

रविवारी माळावर गेलो. तिसरी फेरी आली तसा मी सुलक्षणाचा पदर धरला. ती म्हणाली, "सोडा, लोक बघतायत." तिसरी गेली... चौथी गेली... आठवी गेली! गाडी समोर येऊन अशी थांबली, की बॉनेटवरची धूळ तेवढी पुढे आली! मी उड्या मारल्या हो! या वयात!

वैष्णवी हेल्मेट काढून धावत आली. "आबा, पेडल दगडासारखं! पूर्वी त्या शेवटच्या वळणाला शंभर मीटर आधीच ब्रेक दाबायचे, भीती वाटायची. आता तुमचं ऑइल आहे म्हटल्यावर पन्नासावर दाबते! पुढच्या वेळी तीसवर दाबून बघणार!"

मी तिथंच खाली बसलो.

सुलक्षणानं पाण्याची बाटली दिली आणि म्हणाली, "पुढच्या खेपेला इतका अभ्यास करू नका. जरा बेताचंच ऑइल निवडा, पोर हळू तरी जाईल."

तेव्हापासून वाचतोय. बेताचं म्हणजे नेमकं किती अंशांचं, ते कुठंच दिलेलं नाही हो!