गुरम्माक्काच्या भातातल्या किडी

अवो कशाचा अंदाज आन् कशाचं काय, पिकावरच्या किडी सांगनाऱ्या त्या मोबाईलचं नावच काडू नका माज्याम्होरं... माज्या थोरल्या जावंची, गुरम्माक्काची, सहा वर्साची अब्रू त्यानं एका मेसेजात मातीत घातली, आन् तुमी मला सांगताय लई उपेगी हाय म्हनून! आक्का आमच्या वळसंगाकडच्या वस्तीवर शाळेतल्या पोरांचं जेवान करती. एकट्या बाईचं पोट त्या चुलीवर चाललंय. आन् तांदूळ कसा सांबाळायची तुमाला सांगते, दर दोन दिसांनी पोतं उनात उलथायची, कडुलिंबाचा पाला घालायची, निवडून निवडून डोळं गेलं बिचारीचं. सहा वर्सात पोरांच्या ताटात खडा आला न्हाई, किडा तर लांबच ऱ्हायला.

तर झालं काय, उन्हाळ्यात शेतकी हापिसातली एक बाई आल्ती टॅब घिऊन, किडींचा अंदाज धाडायला शेतकऱ्यांची नावं लिवाय. आक्काला इच्यारती, "तुम्ही काय करता?" आक्का म्हनली, "भात करते." किती वर्षं? सहा. आणखी काही? "अदूनमदून आमटी बी." बाईनं आमटी सोडली आन् भात लिवला! आता मला सांगा, जितं जवारीला पानी मिळंना तितं भात कोन लावंल? आमच्या हितं भात पातेल्यात व्हतोय, शेतात न्हाई. येवढं बी ठावं न्हाई, आन् निगाली किडी मोजायला.

मग श्रावनात आला की त्यो मेसेज. आक्काला वाचाय येत न्हाई, मी रानात हुते, तिनं आपला भोळेपनानं कुंडलिक गुरुजींच्या हातात फोन दिला. आन् गुरुजींनी... समोर शाळा समितीची बैठक भरलीया, धा मानसं बसल्याती, आन् ह्येंनी खड्या आवाजात वाचला की, बातम्या दिल्यावानी... "आपल्या भातात येत्या आठ दिवसांत किडींची संख्या झपाट्याने वाढण्याची शक्यता आहे. त्वरित फवारणी करावी." झालं! समितीचा अध्यक्ष बिभीषन ताडकन उटला, म्हनाला ही बाई पोरांच्या भातावर औषध मारती का काय. आक्का घसा फोडून सांगतीया, अवो हे शेतातल्या भाताचं हाय, आमच्या हितं भात पातेल्यात व्हतोय... पन ऐकतंय कोन? हापिसातनं आलेला मेसेज खोटा कसा आसंल, म्हने. तांदळाच्या खोलीला कुलूप लावलं. आठ दिस कुनी हात लावायचा न्हाई, आठव्या दिशी समद्यांसमोर पोतं सोडायचं, किडा निगाला तर गुरम्मा घरी. पोरं बिस्किटं खात बसली, आन् आक्का कुलपाकडं बगत.

तिनं माज्याकडनं हापिसात फोन लावून घेतला, सोमशेखर म्हनून साहेब हाईत, त्येंना म्हनली येऊन गुरुजींना सांगा की चूक तुमची हाय. आठव्या दिशी आले बी. कुलूप काडलं. आता तुमीच सांगा, श्रावनातली दमट हवा, बंद खोली, ना ऊन, ना पाला... पोतं सोडलं तर सोंडे किडे नुसते वळवळाय लागल्याले! आक्कानं म्होरं हुऊन मूठभर तांदूळ हातावर घेतला. तिच्या डोळ्याला पानी आलं, माज्या बी आलं. आन् साहेब? साहेब हासतोय की वो! "गुरुजी, आठ दिवस म्हणालो होतो, आठच दिवस! या हंगामातला आमचा पहिला अचूक अंदाज." वर पोत्याजवळ हुबं ऱ्हाऊन फोटो काडला. मी म्हनले, साहेब, हे तुमच्या अंदाजानं न्हाई, तुमच्या मेसेजापायी लावलेल्या कुलपानं झालंय, आमच्या हितं भात... तवर गाडी निगाली बी.

आक्काची नोकरी ऱ्हायली, न्हाई आसं न्हाई. येवढं पोतं निवडायला दुसरी कुनी बाई तयार हुईना म्हनून ऱ्हायली. आता बसलीया सूप घिऊन, दाना दाना निवडत, आन् तेवढ्यात फोन वाजला. मी वाचून दावला... "आज आपल्या भातात किती किडी आढळल्या? आकडा कळवा." मला वाटलं आता ही फोन आपटती. पन दमली हुती बगा, भांडायचं बी सोडलं तिनं. सुपातली नजर न काडता म्हनली, "लिव गं, दोनशे चौदा. आन् आनकी एक हापिसात बसलाय, त्यो त्येंचा त्येंनी मोजून घ्यावा."