रस्त्यावरची पाचशे रोपं

नियम पाळणाऱ्यांचं कौतुक मला सांगू नका, माझ्या घरातच एक आहेत. आमचे मोठे बाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, सरपंच होते. गावाला पक्का रस्ता हवा होता. मी साकोलीच्या कॉलेजला गुडघाभर चिखल तुडवत जायची. पण रस्त्यात जंगलाचा तुकडा येत होता. कायदा नवीनच झालेला: जेवढी झाडं तोडाल, त्यांच्या बदल्यात आधी तेवढी नवी लावा. मोठे बाबांनी महिन्याभरात पाचशे रोपं लावली. मंजुरी आली, कंत्राटदार आला आणि डोक्याला हात लावून बसला. रोपं रस्त्याच्याच आखणीवर होती.

"मोठे बाबा, हे काय केलंत?" मी विचारलं.

"मंग कोठं लावतो? धानाच्या बांदीत? कोणी धुराभर, बांधाएवढीही जागा देत नाही. बिनमालकाची तेवढीच होती."

"मग उपटा आता!"

वनरक्षक मध्ये पडला. "हात नाही लावता येत, ताई. कागदावर चढलं, आता हे जंगलच. तोडाचं असन तं पुन्हा परवानगी, पुन्हा बदल्यात झाडं."

त्या पावसाळ्यात मोठे बाबांना तालुक्यात वृक्षारोपणाचं पहिलं बक्षीस मिळालं. परतले तेव्हा एका हातात ढाल होती, दुसऱ्या हातात चिखलानं भरलेल्या चपला.

"बक्षीस देणाऱ्या साहेबांना रस्ता मागितला की नाही?"

"मांगितला ना. म्हणे, आधी झाडं लावा."