आबा दारावर आले तेव्हा

लॉकडाऊनमध्ये माणसं दुखवट्याला, म्हणजे आमच्या भाषेत दारावर, कशी यायची विचारता? माझे सासरे आले होते, ते सांगतो.

माझी बायको सुमन गेली तेव्हा आमची जळगावची गल्ली बांबू बांधून बंद केलेली होती. दवाखान्यातून तिला परस्पर नेलं. आबांना लेकीचं तोंडही दिसलं नाही. दुसऱ्या दिवशी ते भडगावहून दुधाच्या गाडीत बसून आले, हातात भाकरीचा डबा. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही, आप्तांनीच येऊन पहिला घास भरवायचा असतो.

"कुठे चाललात बाबा?" बांबूपाशी पोलिसाने अडवलं.

"जवाईना दारवर."

"आत जाता येणार नाही. वस्तूही द्यायची नाही."

आबा तिथेच मातीत बसले. आवाज ऐकून मी बांबूच्या आतल्या बाजूला आलो, तेव्हा डबा उघडून मला म्हणाले, "जवाईबुवा, घरमा काय व्हई ते लई या. समोरासमोर खाऊत."

घरात शिजवलेलं काहीच नव्हतं. आजारी पडण्याआधी सुमनने गच्चीवर वाळवलेल्या ज्वारीच्या बिबड्या, म्हणजे जाडसर पापड, होत्या. त्यातली एक घेऊन आलो आणि बांबूच्या अलीकडे बसलो.

"तिना हातनी शे का?"

"हो."

"मंग मीठ जास्त व्हई. पोरनी कधी आयकंच नही."

"जास्तच आहे, आबा."

आणखी एक तुकडा मोडून खाल्ला, तोंड खारट झालं. मी पाण्याची बाटली उचलली.

"पानी पेऊ नका," आबा म्हणाले. "ऱ्हाऊ द्या तोंडमा."